चारा वाचवणारी गाय: जीनोमिक अंदाज वाचून वळू कसा निवडावा

दुधाच्या उत्पादन खर्चात चारा आणि खुराक यांचा वाटा साधारणपणे 60 ते 70 टक्के असतो. त्यामुळे नफा वाढवायचा म्हटले की पहिली नजर गव्हाणीकडे जाते आणि मुरघास, संतुलित आहार, खनिज मिश्रण असे उपाय केले जातात. ते योग्यच आहेत. मात्र एकाच वजनाच्या, एकाच वेताच्या आणि सारखेच दूध देणाऱ्या दोन गाई शेजारी शेजारी बांधून त्यांचे खाणे नीट मोजले, तर त्यांतली एक दिवसाला किलो-सव्वा किलो शुष्क पदार्थ (चाऱ्यातला पाणी वगळून उरणारा भाग) कमी खाऊन तेवढेच दूध देते, असे अनेकदा आढळते. या फरकाचा काही भाग आनुवंशिक असतो, म्हणजेच वळूची निवड विचारपूर्वक केली तर तो पुढच्या पिढीत उतरवता येतो.

हे मार्गदर्शन होल्स्टीन फ्रिजियन (एचएफ) किंवा एचएफ संकरित गाई सांभाळणाऱ्या आणि आयात वंशावळीच्या वळूंच्या रेतमात्रा वापरणाऱ्या पशुपालकांसाठी आहे. अशा वळूंच्या माहितीपत्रकात आता ‘फीड सेव्हड’ (वाचलेला चारा) असा एक रकाना दिसतो. तो कसा तयार होतो, कसा वाचावा आणि त्यावर किती विसंबावे, एवढाच येथे विषय आहे.

पहिले पाऊल: ‘दूध भागिले चारा’ हे गणित बाजूला ठेवावे

कार्यक्षम गाय म्हणजे एक किलो चाऱ्यात जास्त दूध देणारी गाय, ही व्याख्या सरळ वाटते आणि आहाराचा हिशेब ठेवायला ती उपयोगीही आहे. पैदाशीसाठी मात्र ती घातक ठरू शकते. व्याल्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत दूध भराभर चढते आणि भूक मात्र सावकाश वाढते. या काळात जी गाय अंगावरची चरबी सर्वांत वेगाने झडवते, तिचे दूध आणि चाऱ्याचे गुणोत्तर सर्वांत चांगले दिसते. तीच गाय पुढे किटोसिसला (चरबी फार वेगाने झडल्याने होणाऱ्या आजाराला) बळी पडते, माजावर उशिरा येते आणि गाभ न राहता वारंवार उलटते. या गुणोत्तरावर निवड करत गेलो तर आपण नकळत अंग झडवणाऱ्या गाईंचीच पैदास वाढवू.

म्हणून पशुपैदास शास्त्रात ‘रेसिड्युअल फीड इनटेक’ म्हणजे आरएफआय हे माप वापरतात. गाईने प्रत्यक्षात खाल्लेल्या शुष्क पदार्थातून, तिचे दूध, दुधातील फॅट आणि प्रथिने, शरीराचे वजन आणि वजनातील घट-वाढ लक्षात घेता तिने जेवढे खाणे अपेक्षित होते ते वजा केले, की आरएफआय मिळतो. तो ऋण असेल तर गाय अपेक्षेपेक्षा कमी खाते, धन असेल तर जास्त. अंगावरची चरबी वापरून दूध देणाऱ्या गाईची वजनातील घट हिशेबात आधीच धरलेली असल्याने तिला येथे फुकटचे श्रेय मिळत नाही.

गणित एकदा हाताने करून पाहावे. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या 2001 च्या सूत्रानुसार, बाराव्या आठवड्यानंतरच्या दुभत्या गाईचा अपेक्षित आहार असा काढता येतो: 4 टक्के फॅटवर आणलेल्या दुधाला 0.372 ने गुणावे, वजनाच्या 0.75 घाताला 0.0968 ने गुणावे आणि दोन्हींची बेरीज करावी. वेताच्या आठवड्यांचा आणखी एक गुणक मूळ सूत्रात आहे, परंतु बाराव्या आठवड्यानंतर तो 95 टक्क्यांच्या पुढे जात असल्यामुळे गोठ्यावरच्या हिशेबात सोडून दिला तरी चालतो. समजा गाय 450 किलोची आहे आणि 3.8 फॅटचे 18 किलो दूध देते. 18 ला 0.4 ने गुणले की 7.2, आणि दुधातील 0.684 किलो फॅटला 15 ने गुणले की 10.26, म्हणजे 4 टक्के फॅटवर आणलेले दूध सुमारे 17.5 किलो झाले. वजनाचा 0.75 घात काढण्यासाठी मोबाइलवरच्या साध्या गणकयंत्रात 450 चे वर्गमूळ काढावे, त्या वर्गमुळाचे पुन्हा वर्गमूळ काढावे आणि दोन्ही उत्तरांचा गुणाकार करावा. तो सुमारे 97.7 येतो. एकूण अपेक्षित आहार 16 किलो शुष्क पदार्थाच्या जवळपास भरतो. आता एक गाय 15.2 किलो खात असेल आणि तेवढेच वजन व तेवढेच दूध असलेली दुसरी 16.6 किलो, तर त्यांचा आरएफआय अनुक्रमे उणे 0.8 आणि अधिक 0.6 आहे. सूत्र अमेरिकन गाईंवरून बसवलेले असल्याने आपल्या गोठ्यातील सगळ्याच गाई त्याच्या वर किंवा खाली जाऊ शकतात. त्याची चिंता करू नये. उपयोग आहे तो गाईगाईंमधल्या फरकाचा.

अंदाज येतो कोठून

आरएफआयची खरी अडचण मोजण्याची आहे. प्रत्येक गाईला स्वतंत्र चारा मोजून घालणे, उरलेला उचलून तोलणे, शुष्क पदार्थ काढणे आणि हे सलग काही आठवडे करणे हजारो शेतकऱ्यांच्या गोठ्यांवर शक्य नाही. दुधाची नोंद लाखो गाईंची मिळते, चाऱ्याची काही हजारांचीच. त्यामुळे एखाद्या वळूच्या शंभर मुलींचे खाणे मोजून त्याचा दर्जा ठरवण्याची जुनी पद्धत या गुणासाठी परवडतच नव्हती.

मार्ग निघाला तो जीनोमिक निवडीतून. मेउविसेन, हेस आणि गोडार्ड या तीन शास्त्रज्ञांनी 2001 मध्ये मांडलेली कल्पना अशी होती, की संपूर्ण जीनोमभर, म्हणजे जनावराच्या सगळ्या डीएनएभर, पसरलेल्या हजारो चिन्हकांचा (डीएनएवरच्या ओळखखुणांचा) एखाद्या गुणावर होणारा परिणाम एकाच वेळी अजमावावा आणि त्या परिणामांची बेरीज करून, स्वतःची किंवा मुलींची एकही नोंद नसलेल्या वासराचेही आनुवंशिक मूल्य सांगावे. सुमारे 50 हजार चिन्हके वाचणारी गाईंची चिप हाताशी आल्यावर जानेवारी 2009 मध्ये अमेरिकेत होल्स्टीनचे अधिकृत जीनोमिक मूल्यांकन सुरू झाले. चाऱ्यासाठी हीच रीत लावली गेली: ज्या गाईंचे खाणे प्रत्यक्ष मोजले आहे त्यांचा एक संदर्भ कळप तयार करायचा, त्यांचा डीएनए वाचायचा, कोणती चिन्हके कमी खाण्याशी जोडलेली दिसतात ते संगणकाने शोधायचे आणि मग केसांच्या मुळांचा किंवा कानाच्या तुकड्याचा नमुना दिलेल्या कोणत्याही होल्स्टीन जनावराला तो हिशेब लावायचा.

ऑस्ट्रेलियाने 2015 मध्ये फीड सेव्हड हे पैदास मूल्य सर्वांत आधी प्रसिद्ध केले. त्यामागची बरीच मोजमापे वाढत्या वयाच्या कालवडींवरची होती. अमेरिकेत मिशिगन स्टेट, विस्कॉन्सिन, आयोवा स्टेट, फ्लोरिडा ही विद्यापीठे आणि बेल्ट्सव्हिल येथील कृषी संशोधन केंद्र यांच्या दुभत्या गाईंच्या नोंदी एकत्र करून डिसेंबर 2020 मध्ये होल्स्टीनसाठी फीड सेव्हड जाहीर झाले. कॅनडा 2021 मध्ये या वाटेने गेला. डेन्मार्क आणि शेजारच्या नॉर्डिक देशांत गव्हाणीवर त्रिमिती कॅमेरे बसवून कोणत्या गाईने किती खाल्ले हे चित्रावरून मोजले जाते, आणि माझ्या मते या क्षेत्रातले सर्वांत दूरगामी काम तेच आहे, कारण त्यामुळे मोजमाप संशोधन केंद्रातून बाहेर पडून सामान्य गोठ्यात आले.

माहितीपत्रक वाचताना

अमेरिकन फीड सेव्हडमध्ये दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत. एक म्हणजे वर सांगितलेला आरएफआय, आणि दुसरी म्हणजे शरीराचा आकार. मोठ्या गाईला केवळ जिवंत राहण्यासाठी, दूध एक थेंबही न देता, रोज जास्त ऊर्जा लागते. 2001 च्या मानकात ही निर्वाहाची गरज वजनाच्या 0.75 घातामागे 0.08 मेगाकॅलरी धरली होती, ती 2021 च्या नव्या मानकात 0.10 करण्यात आली. म्हणजे मोठे शरीर पूर्वी समजत होतो त्यापेक्षाही महाग पडते. उंचपुऱ्या, रुंद छातीच्या गाईला प्रदर्शनात बक्षीस देण्याची हौस अमेरिकेत आहे तशी आपल्याकडेही आहे, आणि गव्हाणीचा हिशेब मांडला की ती हौस शेतकऱ्याच्या खिशातून भागवली जाते.

रकान्यातला आकडा पौंडात असतो आणि तो एका वेतात वाचणाऱ्या शुष्क पदार्थाचा असतो. येथे अधिक चिन्ह चांगले, आरएफआयच्या उलट. हा आकडा ‘पीटीए’ स्वरूपात, म्हणजे मुलींमध्ये किती फरक अपेक्षित आहे या स्वरूपात दिलेला असतो, म्हणून वळूचे अर्धेच गुण मुलीत येतात असे म्हणून त्याचे पुन्हा अर्धे करू नये. दुसरी नेहमीची चूक विश्वासार्हतेबाबत, म्हणजे अंदाज किती खात्रीचा आहे हे सांगणाऱ्या टक्क्याबाबत होते. विश्वासार्हता कमी असेल तर आकडा आधीच शून्याकडे ओढून छापलेला असतो. विश्वासार्हतेच्या टक्क्याने त्याला पुन्हा गुणले तर एकच वजावट दोनदा होते.

काल्पनिक उदाहरण घेऊ. ‘क’ वळूचे फीड सेव्हड अधिक 180 आणि ‘ख’ वळूचे उणे 120 आहे. सारख्या गाईंना लावल्यास त्यांच्या मुलींमध्ये 300 पौंडांचा, म्हणजे वेतामागे सुमारे 136 किलो शुष्क पदार्थाचा फरक अपेक्षित आहे. शुष्क पदार्थाचा खर्च किलोला 20 रुपये धरला तर तो 2,720 रुपये होतो. 305 दिवसांवर विभागला तर रोजचा अर्धा किलोसुद्धा भरत नाही. म्हणजे गडी कितीही अनुभवी असला तरी ‘ही गाय कमी खाते’ असे नुसत्या नजरेने सांगून हा फरक पकडता येणार नाही.

आता याच ‘ख’ वळूचा दुधाचा पीटीए ‘क’पेक्षा 600 पौंडांनी, म्हणजे 272 किलोंनी जास्त आहे असे समजू. 30 रुपये दराने ते दूध 8,160 रुपयांचे होते. तेवढे दूध तयार करायला सुमारे 100 किलो शुष्क पदार्थ लागेल. त्याचे 2,000 रुपये वजा केले तरी सहा हजारांच्या वर रक्कम उरते आणि चारा ‘जाळणारा’ वळूच फायद्याचा ठरतो. परंतु हिशेब येथे थांबवता येत नाही. ते 272 किलो दूध अमेरिकेतील आहार आणि गोठा गृहीत धरून काढलेले आहे. ज्या गोठ्यात उन्हाळ्यात हिरवा चारा संपतो आणि एप्रिल-मे महिन्यांत गाई धापा टाकत उभ्या असतात, तेथे दुधातला तो फरक पूर्ण उतरत नाही; मोठ्या शरीराची निर्वाहाची गरज मात्र वर्षभर सुटत नाही. त्यामुळे आहार मध्यम आणि उष्णतेचा ताण जास्त असेल, तर लहान-मध्यम बांध्याच्या वळूला मी नक्कीच झुकते माप देईन.

एकत्रित निर्देशांक (अनेक गुण मिळून काढलेला एकच आकडा) वापरताना दुहेरी मोजणी टाळावी. अमेरिकेच्या ‘नेट मेरिट’ या रुपयांऐवजी डॉलरमध्ये सांगितल्या जाणाऱ्या निर्देशांकात 2021 च्या सुधारणेपासून फीड सेव्हड समाविष्ट आहे. ज्याने नेट मेरिटवर वळू लावले, त्याने फीड सेव्हडवर आधीच काही अंशी निवड केली आहे. तसेच फीड सेव्हडवर निवड करून पुन्हा ‘शरीर लहान हवे’ अशी वेगळी अटही लावली, तर आकाराला प्रमाणाबाहेर महत्त्व दिले जाते. वेगवेगळ्या देशांचे आकडे एका रांगेत लावू नयेत: ऑस्ट्रेलियात किलो, अमेरिकेत पौंड आणि कॅनडात सरासरी 100 धरलेली श्रेणी आहे. अमेरिकेतील मूल्यांकन एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबर असे वर्षातून तीनदा नव्याने होते आणि दर पाच वर्षांनी तुलनेचा पाया बदलतो. असा बदल एप्रिल 2020 आणि एप्रिल 2025 मध्ये झाला. म्हणून पत्रकावरची तारीख पाहावी आणि जुन्या-नव्या पत्रकांतले आकडे समोरासमोर ठेवू नयेत.

प्रत्यक्ष निवड

आधी आपल्या गोठ्याची गरज लिहून काढावी. गाभ राहण्याच्या तक्रारी असतील, कासदाह वारंवार होत असेल, तर मुलींच्या प्रजननक्षमतेची किमान आणि सोमॅटिक पेशींच्या गुणाची (कासदाहाकडे कल दाखवणारा हा गुण कमी असलेला चांगला) कमाल मर्यादा प्रथम ठरवावी आणि त्यात न बसणारे वळू यादीतून काढावेत. उरलेल्या वळूंना एकत्रित निर्देशांकानुसार उतरत्या क्रमाने मांडावे. फीड सेव्हडचा वापर सर्वांत वरच्या गटातून अंतिम निवड करताना करावा: निर्देशांक जवळपास सारखा असलेल्या दोन वळूंपैकी फीड सेव्हड जास्त असलेला घ्यावा, आणि निर्देशांक चांगला असूनही फीड सेव्हड खूपच उणे असेल तर त्याचे दूध आपल्या परिस्थितीत खरोखर उतरेल का, हा वरचा हिशेब मांडून पाहावा. कालवडींसाठी सुलभ विण्याचा गुण वेगळा तपासावा.

त्यानंतर एकाच वळूवर सगळा भार टाकू नये. तरुण, मुली नसलेल्या वळूच्या दुधाच्या जीनोमिक अंदाजाची विश्वासार्हता होल्स्टीनमध्ये 70 टक्क्यांच्या पुढे असते, तर फीड सेव्हडची त्याच्या निम्म्याहूनही कमी. एका वळूचा आकडा पुढच्या मूल्यांकनात बराच खाली येऊ शकतो; चार-पाच चांगल्या वळूंची सरासरी मात्र सहसा फारशी ढळत नाही. वीस गाईंच्या गोठ्यालाही चार वळूंच्या मात्रा मिळून घेता येतात, आणि शेजारच्या गोठेवाल्यांनी एकत्र खरेदी केली तर ते आणखी सोपे होते. गाईचा बाप कोण हे माहीत असेल तर त्याच वळूची किंवा त्याच्या सख्ख्या भावाची मात्रा टाळावी. ते माहीत नसेल, तर आजपासून तरी प्रत्येक रेतनाच्या वेळी मात्रेवरचा वळू क्रमांक गाईच्या कानातील 12 अंकी बिल्ल्यासमोर नोंदवून घ्यावा. रेतन करणारा घाईत असतो आणि रिकामी कांडी उकिरड्यावर जाते. त्या कांडीवर छापलेला क्रमांक हीच पुढच्या पिढीची वंशावळ असते.

लिंगवर्गीकृत मात्रा (बहुतांश कालवडीच जन्माव्यात म्हणून वेगळ्या केलेल्या) वापरत असाल तर त्या सर्वोत्तम गाई आणि कालवडींसाठी राखाव्यात, म्हणजे पुढची पिढी प्रामुख्याने कळपाच्या वरच्या भागातून येईल.

संकरित गाईंबाबत एक खुलासा आवश्यक आहे. शुद्ध होल्स्टीनवर काढलेले मूल्य संकरित गाईवर वापरले तरी बापाकडून येणारा वाटा मुलीत येतोच, म्हणून दोन वळूंमधला क्रम बहुधा टिकतो. फरकाचे प्रमाण मात्र कमी होऊ शकते, कारण संदर्भ कळपातल्या गाई भरपूर मका मुरघास आणि धान्ययुक्त मिश्र आहारावर होत्या. कडबा आणि उसाच्या वाढ्यावर निभावणाऱ्या गाईची पचनाची परीक्षा वेगळी असते. गीर, साहिवाल किंवा देवणीला हे आकडे अजिबात लागू करू नयेत.

आपल्या गाईंसाठी संदर्भ कळप

महाराष्ट्राशी या विषयाचा एक थेट दुवा आहे. देशी आणि संकरित गाईंसाठीची ‘गौ चिप’ आणि म्हशींसाठीची ‘महिष चिप’ यांचे लोकार्पण 5 ऑक्टोबर 2024 रोजी वाशीम येथे पंतप्रधानांच्या हस्ते झाले. त्याआधी 2021 मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेने देशी गोवंशासाठी ‘इंडिगाऊ’ ही चिप तयार केली होती. चिप फक्त डीएनए वाचते. त्या वाचनाचे चाऱ्याच्या अंदाजात रूपांतर करायचे असेल तर आपल्या हवामानात, आपल्या आहारावर मोजलेल्या काही हजार गाई लागतील, आणि ते काम कृषी विद्यापीठे, सहकारी दूध संघ आणि मोठे गोठे यांनी मिळून केल्याशिवाय होणार नाही.

गोठ्यावर मोजायचे असल्यास पद्धत अशी ठेवावी. वेताच्या 50 व्या ते 200 व्या दिवसादरम्यानच्या गाई निवडाव्यात, म्हणजे अंग झडण्याचा पहिला काळ सरलेला असतो. गव्हाणीत प्रत्येक गाईचा भाग फळ्या लावून वेगळा करावा आणि नव्या व्यवस्थेची सवय होण्यासाठी पहिला आठवडा नोंदीत धरू नये. त्यानंतर किमान चार आठवडे घातलेला आणि उरलेला चारा तोलावा. खुराक, मुरघास आणि कडबा यांचा शुष्क पदार्थ वेगवेगळा काढावा: 500 ग्रॅम मुरघास पातळ पसरून वजन स्थिर होईपर्यंत वाळवला आणि 160 ग्रॅम उरला, तर शुष्क पदार्थ 32 टक्के झाला. नवा खड्डा उघडला की हे पुन्हा करावे. आरएफआयच्या नोंदी सर्वाधिक बिघडतात त्या येथेच. उरलेला चारा घातलेल्या चाऱ्यापेक्षा वेगळा असतो, कारण गाय खुराक वेचून खाते आणि ताटे मागे ठेवते, म्हणून त्याचा नमुना वेगळा वाळवावा. वजनकाटा नसेल तर छातीचा घेर आणि शरीराची लांबी इंचांत मोजून, घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले 660 या सूत्राने अंदाजे किलो काढावेत, आणि सुरुवातीला व शेवटी एकाच माणसाने माप घ्यावे.

आज केलेल्या रेतनाची कालवड नऊ महिन्यांनी जन्मेल आणि चांगल्या संगोपनात 27 ते 30 महिन्यांत पहिल्यांदा विईल, म्हणजे तिचे खाणे मोजण्याची वेळ येईपर्यंत तीन वर्षांहून अधिक काळ जातो. तोवर मूल्यांकनाच्या नऊ-दहा फेऱ्या होऊन गेलेल्या असतील. वापरलेल्या प्रत्येक वळूचा नवा आकडा दर फेरीला नोंदवहीत लिहावा, फार घसरलेल्या वळूच्या मात्रा पुन्हा मागवू नयेत, आणि मुली दुधात आल्यावर त्यांची तुलना बापानुसार गट करून, त्याच ऋतूत व्यालेल्या इतर पहिलारू गाईंशीच करावी.